गेर्डाची अर्धी वर्तुळं

"जर्मनीत तीन महिने कुठे राहिलात?" असं सांगलीत कोणी विचारलं की हे म्हणतात, "समीरकडे." मी म्हणते, "नदीकाठी." दोन्ही उत्तरं खरी आहेत. समीर आमचा मुलगा, नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. दोन हजार सात सालच्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्याकडे गेलो, पण त्याच्या दोन खोल्यांत जेमतेम आठ दिवस टेकलो. बाकीचे सगळे दिवस त्याच्या वोनमोबिलमध्ये काढले. वोनमोबिल म्हणजे चाकांवरचं घर. आत दोन शेगड्या, ओंजळीएवढं बेसिन, टेबल खाली पाडलं की तयार होणारा पलंग आणि प्रत्येक कपाटाला खिट्टी, कारण वळणावर डाळ-तांदूळ बाहेर उड्या मारतात. समीरने हे धूड हौसेने जुनं घेतलं होतं आणि नव्या प्रोजेक्टमुळे त्याला सुट्टी काही मिळत नव्हती.

हे बसडेपोच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले. नुसती उभी असलेली गाडी यांना बघवत नाही. दुसऱ्या दिवशी हे तिच्याखाली आडवे झाले आणि पाचव्या दिवशी हात पुसत वर येऊन म्हणाले, "अगं, इंजिन ठणठणीत आहे. जायचं का?"

आता हे मला विचारायचं होतं का? बत्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. ऱ्हाइन, डॅन्यूब, ब्लॅक फॉरेस्ट हे सगळं मी फळ्याशेजारच्या नकाशावर छडीने दाखवलेलं. माझ्या लेखी ऱ्हाइन सुतळीएवढी रुंद होती आणि ब्लॅक फॉरेस्टवर शाईचा एक डाग पडला होता. मी तिथल्या तिथे भाजणीचा डबा आणि देवांतलं निरांजन पिशवीत भरलं.

नेकारच्या काठाने

पहिले दोन दिवस आम्ही प्रत्येक वळणावर काच पुसली. तिकडे सिग्नलची दांडी डाव्या हाताला असते आणि यांचा हात जन्मभराच्या सवयीने उजवीकडे जाई, म्हणजे वायपरवर. कडकडीत उन्हात वायपर हलवत वळणारी आमची गाडी बघून मागचे लोक चांगलंच अंतर ठेवून असत. "शिस्तीची माणसं आहेत," हे कौतुकाने म्हणायचे.

नेकार काही मोठी नदी नाही. पूर नसताना आमची कृष्णा असते तेवढीच. पण ती घाईत नाही. दोन्हीकडे डोंगर, उतारावर द्राक्षांच्या ओळी, त्यांच्या वर झाडी आणि मधूनच एखादा तांबड्या दगडांचा किल्ला. गावाबाहेर नदीलगत आमच्यासारख्या गाड्यांसाठी जागा राखून ठेवलेली असते, तिला श्टेलप्लात्झ म्हणतात. नळ असतो, विजेचा खांब असतो, आणि शेजारी रोज बदलतात. सकाळी मी पडदा सरकवला की खिडकीतून लांबच लांब मालवाहू बार्ज जायला लागायची. तिच्यावर कपडे वाळत घातलेले, कुंड्यांत लाल फुलं, आणि मागच्या टपावर मालकाची छोटी मोटार. आवाज जवळजवळ नाहीच. बघता बघता मला वाटायचं की ती उभीच आहे आणि आपलंच घर हळूहळू मागे चाललंय. हातातला चहा गार होईपर्यंत मी तशीच बसून राहायची. शाळेची घंटा नाही, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत. आपण जागे आहोत की नाही असा प्रश्न पडावा, असे ते दिवस होते.

त्या गुंगीतून मला पहिल्यांदा जागं केलं ते गेर्डाने.

एबरबाख नावाच्या गावी होतो. माझा उपास होता, साबुदाणा भिजलेला होता, दाणे भाजून झाले होते. दुपारी सव्वा वाजता मी दारात बसून लोखंडी खलबत्त्यात दाणे कुटायला घेतले. चार-पाच घाव घातले असतील, तोच शेजारच्या मळकट पांढऱ्या गाडीतून एक उंच बाई उतरली. कापलेले पांढरे केस, ॲप्रन, पायात सपाता. ती माझ्यासमोर उभी राहिली, मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि हळूच म्हणाली, "मिट्टाग्सरूहे." मग तीन बोटं दाखवली. दुपारी एक ते तीन कुणी आवाज करायचा नाही, असा तिथला नियम. बत्तीस वर्षं मी वर्गाला गप्प बसवलं. मला कुणी गप्प बसवण्याची ही पहिलीच वेळ. मी खलबत्ता खाली ठेवला. मला वाटलं ती आता जाईल. ती आपली घडीची खुर्ची घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसली. आम्ही दोघी पावणेदोन तास नदीकडे बघत बसलो, एक शब्द न बोलता. गावातल्या चर्चमध्ये तीनचे ठोके पडले. गेर्डा उठली, बत्ता तिने स्वतःच्या हातात घेतला, "यट्झ्ट," म्हणाली, म्हणजे "आता," आणि असे दाणे कुटले की त्यांचं तेल सुटलं.

आमची मैत्री झाली ती अशी, वेळ झाल्यावर.

हिरवी पेन्सिल

गेर्डाचा नवरा हेल्मुट न्युरेम्बर्गला चाळीस वर्षं पोस्टमन होता. ती नर्स होती. दोघं रिटायर झाल्यावर त्यांनी भाड्याचं घर सोडलं आणि चार वर्षांपूर्वी गाडीतच राहायला आले. सुट्टीपुरतं नव्हे, कायमचं. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्त्यावर गेलो," हेल्मुट म्हणायचा, "आता मला पत्ताच नाही." त्यांची पत्रं न्युरेम्बर्गला मुलीच्या घरी जात. मोबाइल त्याने घेतलाच नव्हता. निरोप पोचवून पोचवून कंटाळलो, असं म्हणायचा. उतारवयात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन तो इंग्रजी शिकला होता, त्यामुळे गेर्डाचं जर्मन तो मला इंग्रजीत सांगे आणि माझं इंग्रजी तिला जर्मनमध्ये. यांना दुभाषा लागला नाही. हे आणि हेल्मुट बॉनेट उघडून तासन्‌तास आत डोकं घालून उभे असत. यांचं मराठी, त्याचं जर्मन, आणि मध्ये तेलाने काळी झालेली चार बोटं. तो यांना खुशाल "विष्णू" म्हणून हाक मारायचा. जे नाव मी लग्नातल्या उखाण्यानंतर मोठ्याने घेतलं नाही, ते नदीकाठी दिवसातून वीस वेळा ऐकू यायला लागलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

आम्ही चौघं मिळून पुढे निघालो. पुढे त्यांची गाडी, मागे आमची. मी थालीपीठ लावलं की गेर्डा त्यावर लोण्याचा गोळा ठेवी. तिने बटाट्याचं सॅलड केलं की हे त्यावर लसणाची चटणी भुरभुरत. ती आधी दचकली, मग चटणीचीच बाटली मागून घेतली. चेरीचे दिवस होते. एका म्हातारीच्या बागेतून आम्ही टोपलीभर चेऱ्या आणल्या आणि काठावर बसून बिया पाण्यात टाकत संपवल्या. चौघांचं वय मिळून पावणेतीनशेच्या घरात असेल, आणि कुणाची बी लांब जाते यावर भांडण.

हेल्मुटकडे रस्त्यांचा एक जाडजूड ॲटलास होता. जिथे जिथे ते मुक्कामाला राहिले त्या गावाभोवती हिरव्या पेन्सिलीने वर्तुळ. पेन्सिल मात्र गेर्डाच्या ॲप्रनच्या खिशात. गावात झोपून, उठून, गाडी सुरू झाली की मगच ती पेन्सिल बाहेर काढायची. आधी कधीही नाही. मी एकदा विचारलं, "इथून पुढे कुठे जाणार तुम्ही?" हेल्मुट काही बोलणार तोच गेर्डाने टेबलाच्या लाकडावर तीनदा टकटक केलं आणि तो गप्प झाला. पुढच्या आठवड्याबद्दल, पुढच्या वर्षाबद्दल ती एक अक्षर बोलत नसे. आमच्याकडे उलटं. आम्ही नातवंडांची लग्नं त्यांच्या बारशाला ठरवतो.

हायडेलबर्ग

हायडेलबर्गच्या अलीकडे नदीकाठच्या एका कुरणात आम्ही शेवटचा मुक्काम केला. शनिवारी सकाळी ते न्युरेम्बर्गला मुलीकडे जाणार होते आणि आम्ही दक्षिणेला. शुक्रवारी बसने गाव बघायला गेलो. जुना पूल, सायकलींवरून पुस्तकं घेऊन जाणारे विद्यार्थी, आणि डोंगरावर अर्धा पडलेला तांबडा राजवाडा. एक बुरूज मधोमध फुटून खंदकात आडवा झालाय आणि त्यावर झाडं उगवली आहेत. "दुरुस्त का नाही केला?" यांनी विचारलं. दुरुस्त न केलेली गोष्ट यांना झोप येऊ देत नाही. हेल्मुट हसून म्हणाला, "आता तो असाच पूर्ण आहे."

चढ असा फार नव्हता, तरी हेल्मुट बाकावर टेकला. गेर्डाने त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, घड्याळाकडे बघितलं, मान हलवली आणि पाणी आणायला गेली. ती लांब गेल्यावर त्याने सांगितलं. वडील एकोणसत्तराव्या वर्षी गेले. मोठा भाऊही एकोणसत्तराव्याच. दोघंही हृदयाने. यंदा वसंतात त्याचंही ऑपरेशन झालं होतं. "येत्या रविवारी मला सत्तर पूर्ण होतील," तो म्हणाला. "गेर्डा कशावर विश्वास ठेवणारी नाही. पण ती दिवस मोजतेय."

मला भरून आलं. आणि माझ्यासारख्या बाईला भरून आलं की ती गप्प बसत नाही, काहीतरी करायला जाते. आमच्याकडे सत्तरी झाली की सत्तर दिव्यांनी ओवाळतात, आयुष्य मागतात. रविवारी आम्ही इथे असणार नाही. मग आजच ओवाळू! सांगलीत आपण नाही का, पाहुणे निघणार असले की दोन दिवस आधीच औक्षण उरकून घेत? मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही.

दुकानात छोट्या मेणबत्त्यांचं पन्नासांचं एक पुडकं मिळालं. समीरच्या खणात एकोणीस सापडल्या. एकोणसत्तर. सत्तरावं माझं निरांजन.

जुलैत तिथे दिवेलागण व्हायला साडेनऊ वाजतात. ऊन नदीवरून सरकत पलीकडच्या झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. गेर्डा बादली घेऊन नळावर गेली होती. मी नऊवारी नाही, पण चांगली इरकली नेसले. यांनी गवतावर मेणबत्त्या गोल मांडल्या, फोरमनच्या हिशेबात, एकीपासून दुसरीपर्यंत सारखं अंतर. मधोमध हेल्मुटची खुर्ची. "आज?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "रविवारी आम्ही नसू ना." त्याने एकदा नळाच्या दिशेने बघितलं, आणि खुर्चीत बसला. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, अंगठी-सुपारी फिरवली. खाली गवतात एकोणसत्तर ज्योती, पाण्यात त्यांची थरथर, आणि त्या उंच माणसाच्या कपाळावर लाल टिळा. इतकं सुंदर मी माझ्या हाताने दुसरं काही केलेलं नाही.

तेवढ्यात गेर्डा आली. तिने हेल्मुटकडे पाहिलं, मग दिव्यांकडे. किती आहेत हे तिला मोजावं लागलं नसावं. तिच्या हातातली बादली तिरकी झाली आणि पाणी सांडत राहिलं. "नाइन," ती म्हणाली, म्हणजे "नाही." मग ती गुडघ्यांवर बसली आणि एक एक मेणबत्ती फुंकून विझवायला लागली.

औक्षणाचा दिवा फुंकून विझवायचा? तोही त्याच्या बायकोने? "अहो, थांबवा तिला," मी ओरडले. हे जागचे हलले नाहीत. गेर्डा गोल फिरत होती, गवतावर रांगत, फूं, फूं, आणि तिच्या मागे धुराच्या बारीक रेघा वर जात होत्या. शेवटी ती माझ्या तबकापर्यंत आली. मी निरांजन पदराआड धरलं आणि मागे सरकले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती होती आणि माझ्याही असणार. मग तिने हेल्मुटला हाताला धरून गाडीत नेलं आणि दार लावून घेतलं.

सकाळी जागे झालो तर शेजारची जागा मोकळी होती. आमच्या पायरीपाशी विझलेल्या मेणबत्त्यांच्या पत्र्याच्या वाट्या ओळीने, नीट एकात एक रचून ठेवल्या होत्या. चिठ्ठी नव्हती.

मी समीरला फोन लावला. सगळं सांगितलं.

"आल्झो... म्हणजे, आई, तू त्यांना आधीच ओवाळलंस?"

"मग? रविवारी आम्ही कुठे असणार?"

"अगं, इथे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देत नाहीत. फार अपशकुनी मानतात. आमच्या ऑफिसात कुणाचा बर्थडे वीकेंडला असला ना, तर सोमवारी विश करतात, शुक्रवारी कुणी तोंडही उघडत नाही. माणूस तो दिवस बघेल की नाही काय माहीत, अशी भीती."

"हे तू मला आधी सांगायचं नाहीस?"

"तू सत्तर दिवे लावशील हे मला काय माहीत?"

न्युरेम्बर्गच्या मुलीचा फोन नंबर शोधून दे म्हटलं. तिचं सासरचं आडनाव आम्हांला ठाऊक नव्हतं. हेल्मुटने दिलेल्या कागदावर तिचं पहिलं नाव, रस्ता आणि घराचा आकडा, एवढंच.

ब्लॅक फॉरेस्ट

ज्या अरण्यासाठी मी एवढी उतावीळ होते, त्यात मी चोरासारखी शिरले. फळ्यावर मी "घनदाट सूचिपर्णी अरण्य" असं लिहून द्यायची आणि मुलं पाठ करायची. तिथे उभं राहिल्यावर कळलं की घनदाट म्हणजे दुपारी बाराला संध्याकाळ. खाली पायाला लागतं ते गवत नव्हे, वर्षानुवर्षं गळालेल्या सुयांची गादी. चालताना आपलंच पाऊल आपल्याला ऐकू येत नाही. हे पुढे, मी मागे, आणि झाडांतून उतरणारा हिरवा उजेड. एरवी मी त्यात विरघळून गेले असते. पण दर थोड्या वेळाने मनात यायचं, तो आत्ता कसा असेल?

रविवारी एका खेड्यात होतो. लाकडी घड्याळांचं गाव. दुकान बंद होतं, पण काचेआड भिंतभर घड्याळं चालू, प्रत्येकात वेगळी वेळ. कुठल्यातरी घड्याळात त्याला सत्तर पूर्ण झाले असतील, असं मी यांना म्हटलं. हे चिडले नाहीत. "तू त्याला आयुष्य मागितलंस," ते म्हणाले, "काढून नाही घेतलंस." त्या दिवशी मी निरांजन बेसिनमध्ये ठेवून दिवसभर तेवत ठेवलं. गाडी हलू दिली नाही.

सोमवारी मी गेर्डाला पत्र लिहिलं. साध्या इंग्रजीत, वर्गाला समजेल असं. तुमची रीत मला ठाऊक नव्हती आणि माझी तुला नव्हती. दोघींना एकच हवं होतं. पुढच्या आठवड्यात गुरुवारपर्यंत आम्ही बोडनसे सरोवराच्या काठी राडोल्फत्सेलला आहोत, शुक्रवारी सकाळी निघू. तो बरा आहे एवढं तरी कळव. पाकीट पिवळ्या पेटीत टाकताना मला पहिल्यांदा पोस्टमनची किंमत कळली.

मग डॅन्यूब. एका राजवाड्याच्या बागेत दगडी कठड्याच्या आत निळसर पाणी, तळातून बुडबुडे येतात, आणि म्हणे ही डॅन्यूब. तिथून थोडं खाली गेलं की ती चांगली नदीसारखी दिसायला लागते, आणि आणखी पुढे गेलो तर नाहीशी झालेली! इमेन्डिंगेन गावाजवळ पात्र आहे, पूल आहे, दगडगोटे आहेत, पाणी नाही. लोक पात्रातून चालत पलीकडे जात होते. पाटीवर लिहिलं होतं, इथे उन्हाळ्यात नदी जमिनीत मुरते आणि बारा किलोमीटरवर दुसरीकडे वर येते. बत्तीस वर्षं डॅन्यूब शिकवली आणि हे मला माहीत नव्हतं. पाठ्यपुस्तकात ती रेघ अखंड होती.

मी काठावर बसून राहिले. त्या कोरड्या गोट्यांकडे बघून मला रडू आलं, आणि ते नदीसाठी नव्हतं. हे खाली उतरले, कपारीपाशी ओणवे झाले आणि इंजिन ऐकावं तसा कान लावला.

"अगं, आवाज येतोय," ते वर बघून ओरडले. "चालू आहे. बंद नाही पडलेलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही ते पाणी जिथे वर येतं तिथे गेलो. झाडांखाली हिरवागार डोह, तळातून पाणी उसळतंय, काठावर बदकं. नदी जमिनीखालून चालत आली होती. हे पाणी पुढे बोडनसेत जातं. आम्हीही त्याच वाटेने निघालो.

बोडनसे

बोडनसे म्हणजे एवढं मोठं सरोवर की पलीकडचा काठ दुसऱ्या देशात आहे. सकाळी तो दिसत नाही, पाणी आणि आभाळ एकच असतं, आणि होड्या हवेत टांगल्यासारख्या दिसतात. दुपारी पलीकडे एक निळी रेघ उमटते. पाऊस पडून गेला की त्या रेघेच्या वर बर्फाचे डोंगर निघतात. लहान मुलाने विसरलेलं चित्र आठवून पूर्ण करावं तसं ते रोज नव्याने तयार व्हायचं. मी रस्त्याकडे तोंड करून खुर्ची टाकायची आणि हे म्हणायचे, "सरोवर मागे आहे."

सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी दुपारी मी भांडी आवरायला घेतली. सकाळी निघायचं होतं. तेवढ्यात वळणावर मळकट पांढरी गाडी आली. फार हळू, अडखळत. मी तिला ओळखलं आणि हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं, कारण गाडी गेर्डा चालवत होती. गेर्डा कधीच गाडी चालवत नसे. आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

गाडी आमच्यासमोर थांबली, म्हणजे दोन आचके देऊन बंद पडली. गेर्डा उतरली. पाठीचा कणा ताठ, चेहरा दगडाचा. मी हात जोडले. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि इंग्रजीत, पाठ करून आल्यासारखं म्हणाली, "सत्तर वर्षं आणि अकरा दिवस."

मागचं दार उघडलं आणि हेल्मुट डोकं वाकवून बाहेर आला. "ती चालवताना मला पुढे बसवत नाही," तो म्हणाला. "मागे पलंगावर झोपून डोळे मिटून घेतो."

मी गेर्डाला मिठी मारली. त्या लोकांना असलं आवडत नाही, हे मला माहीत आहे. तरी मारली. तिच्या ॲप्रनला पेट्रोलचा वास येत होता आणि ती माझ्या खांद्यावर मुकाट रडत होती.

संध्याकाळी चौघं टेबलाशी बसलो. तिने सांगितलं आणि हेल्मुट इंग्रजीत सांगत गेला. त्या शनिवारी तिने त्याला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. तरुणपणी लायसन्स काढलं होतं, नंतर तीस वर्षं गाडीला हात नाही. दोनशे किलोमीटर ती पुढे वाकून, दात आवळून चालवत गेली, कारण त्याच्या एकोणसत्तराव्या वर्षाचा तो शेवटचा दिवस होता. "पत्र मंगळवारीच मिळालं," ती म्हणाली. "यायला मला एवढे दिवस लागले. मी तुझ्यावर रागावले होते. मग मी मोजलं. मी एकोणसत्तर दिवे विझवले. ती वर्षं संपलेलीच होती. सत्तरावा तू मला विझवू दिला नाहीस."

"गेनाऊ," हेल्मुट म्हणाला, म्हणजे "अगदी बरोबर." आणि मग माझ्याकडे वळून, "मला माहीत होतं, सुमन. त्या दिवशी मला नियम माहीत होता. पण मला वाटलं, कुणी एवढे दिवे लावलेत, तर बसावं."

निघायचं आम्ही तीन दिवस पुढे ढकललं. हे आणि हेल्मुट गेर्डाच्या क्लचचं दुखणं बघत होते. दुपारी एक ते तीन मी आणि ती पाण्याकडे बघत गप्प बसायचो. आता डोंगर रोज दिसत होते. एका दुपारी, तीनचे ठोके पडल्यावर, तिने मला माझा वाढदिवस विचारला. डिसेंबरात, मी म्हटलं. तिने बोटांवर मोजून तारीखही विचारून घेतली.

निरोपाच्या सकाळी तिने माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. चारी बाजूंनी चिकटपट्टी, वर माझी तारीख, आणि खाली दोन रेघा ओढून लिहिलेलं, "आधी नाही."

सांगली

ते पाकीट साडेचार महिने देवघरात, देवांच्या मागे होतं. "उन्हात धरून बघू या का," हे दर रविवारी विचारायचे. मी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांची पाकिटं सांभाळलेली बाई आहे. मी हात लावू दिला नाही.

वाढदिवसाच्या सकाळी अंघोळ करून, देवाला दिवा लावून मी ते उघडलं. आत ॲटलासमधून फाडलेलं एक पान. जर्मनीचा उत्तर टोकाचा भाग, समुद्र, बेटं, नद्यांची मुखं. आमच्यापैकी तिथे कुणीही अजून गेलेलं नाही. आणि त्या पानावर, किनाऱ्याने, हिरव्या पेन्सिलीच्या सात खुणा. पुरी वर्तुळं नव्हती. अर्धी. प्रत्येक गावाभोवती अर्धी कड काढलेली आणि अर्धी मोकळी सोडलेली. समासात हेल्मुटचं तिरकं अक्षर होतं: "चाळीस वर्षांत गेर्डाला जायच्या आधी खूण करताना मी पाहिलं नाही. अर्ध्यापुरती परवानगी मिळाली आहे. उरलेला अर्धा भाग तिथे झोपून उठल्यावर, चौघांनी."

पाकीट झटकलं तर आतून पेन्सिलीचा बोटभर तुकडा पडला.

यांनी चष्मा चढवला, पान टेबलावर पसरलं आणि पेन्सिल उचलली. "कुठून कुठे जायचं ती वाट आखून ठेवू का?"

"ठेवा ती खाली," मी म्हटलं. "तिथे पोचल्यावर."

पेन्सिल मी निरांजनाच्या डबीत ठेवली आहे. परवा शेजारच्या वहिनींनी विचारलं, यंदा उन्हाळ्यात पुन्हा जाणार का? हे तोंड उघडणार तोच मी टेबलावर तीनदा टकटक केलं.